आमेलेचं पाणी

नागम्मा अक्का, पहिलं नाव तुझं घेते. दुसरं इस्माईल चाचांचं. त्यांनी उरल्यासुरल्या शहाबादी फरश्या हातगाड्यावर घालून आणल्या, टाकी बांधली, आणि बांधता बांधता आपल्या दोघींची भांडणं ऐकून घेतली. मदत केली ती तुम्ही दोघांनी. बाकीच्यांनी काय केलं ते पुढं येईलच.

आणि हो, तुला 'तू' म्हणायलेय. जिती होतीस तेव्हा 'तुमी' म्हणत होते. तू कितीदा ओरडलीस, "मी काय तहसीलदारीण हाय व्हय गं? कामून तुमी-तुमी करायलीस?" पण भिंतीपलीकडं गल्ली कान देऊन असायची. घरमालकिणीला भाडेकरणीनं, त्यातही आमच्यातल्या बाईनं तू म्हटलेलं गल्लीला पचलं नसतं. मी पहिल्यापासनं भित्री. दारावर थाप पडली तरी मी आधी फटीतनं बघते. आता मात्र म्हणणार. ज्याला ऐकायचंय त्यानं ऐकावं.

तुला तुझ्या गावी, निर्ण्याच्या शेतात माती देऊन अजून पंधरवडा झाला नाही. तुझा जन्म कधीचा, लग्न कधी झालं, खानावळ कुठल्या साली टाकली, यातलं मला काही ठाऊक नाही. ते सांगायला तुझा पुतण्या बीरप्पा हाय. मी टाकीचं सांगणार.

मी चिंताकीची. पाचवीत शाळा सुटली, कारण धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. लग्न झालं, ह्यांना हुमनाबादच्या कारखान्यात हमालीचं काम लागलं, आणि औरादला एक बस, बीदरला एक बस अशी बदलत मी तुझ्या दारात येऊन उभी राहिले. बसस्टँडच्या मागं तुझी खानावळ, खानावळीमागं अंगण, अंगणात हौद आणि हौदापलीकडं ती एक खोली. तू विचारलंस, "भांडी घासशील का?" मी घाबरून भलतंच उत्तर दिलं, "आमी बौद्ध हाव." तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस आणि म्हणालीस, "मी काय इचारलं, आन् तू काय सांगायलीस? भांडी घासशील का न्हाई?"

"घाशीन."

"मग पदर खोच."

आमच्या गावात मराठी चालते, थोडी तेलुगू चालते. कानडी मला येतच नव्हती. एकच शब्द पाठ होता, आमेले. नंतर. दवाखान्याच्या खिडकीत, रेशनच्या दुकानात, जिथं जाईन तिथं माझ्यासारखीला हाच शब्द ऐकवत. आमेले बा. नंतर ये. तो एवढ्या वेळा ऐकला होता की दुसरा कुठलाही शब्द मला त्याच्यासारखाच ऐकू यायचा.

तुझ्या अंगणात एका जुन्या घंगाळात कासव होतं. काळं, पाठीवर तीन उभ्या धारा असलेलं, भाकरीएवढं. एका लॉरीवाल्यानं कारंजा नदीवरनं आणलेलं. तो म्हणाला होता, रस्सा कर, आणि तू त्याला जेवणावरनं उठवलं होतंस. त्या दिवशी बाजाराला निघताना तू मला सांगितलंस, "आमेगे नीर हाकु." तुमच्या कानडीत कासवाला आमे म्हणतात हे मला कुठं ठाऊक? मी ऐकलं, आमेले नीर हाकु. नंतर पाणी घाल. मी घागर भरून घंगाळाशेजारी ठेवली आणि इमानानं 'नंतर' व्हायची वाट बघत बसले. ऊन घंगाळावर आलं. कासव आत खरखर करायला लागलं. मी मनात म्हणतेय, बाई म्हणाली नंतर, मग नंतरच.

तू आलीस आणि पिशवी टाकून ओरडलीस, "अगं, मारलीस की त्याला! पाणी घाल म्हणलं व्हतं न्हवं?"

"तुमीच म्हणालाव की, आमेले."

"आमेगे! आमेगे म्हणलं मी! ह्येला, ह्येला!" तू कासवाकडं बोट नाचवायलीस आणि मी रडायच्या बेतात. मग तुझ्या तोंडाला फडका गेला. तू हसत हसत हौदाच्या कठड्यावर बसलीस ती उठेचना. त्या दिवसापासनं कासवाचं नाव आमेले. जेवायला येणारे लॉरीवालेही विचारायचे, "अक्का, आमेले कैसा है?"

पण घंगाळ आता तुला पुरेना. पाण्यातला जीव हाय, पाणी भरपूर पायजे, असं म्हणून तू त्याला सरळ हौदात सोडलंस. काठोकाठ भरलेला हौद, चारी भिंती उभ्या, घोटलेल्या. आपल्याकडं सगळे असंच करतात. विहिरीत कासव सोडायचं आणि पुण्य लागलं म्हणायचं. आमेले त्या हौदात भिंतीला नाक लावून फिरायचं. मी हौदाच्या खालच्या तोटीशी भांडी घासता घासता बघायची, दिवसभर तेच. भिंत, कोपरा, भिंत. महिनाभरात त्याचे डोळे सुजले, ते खाईना, एका अंगावर कलंडून तरंगायला लागलं. तू त्याच्या पाठीला तेल लावलंस, हळद लावलीस, मैलारापुढं, म्हणजे तुमच्या खंडोबापुढं, नारळ फोडलास. कासव आणखीनच मलूल.

मला माहीत होतं काय चुकतंय, म्हणजे वाटत होतं. आमच्या चिंताकीच्या ओढ्यात कासवं पाण्यात कमी आणि दगडावर जास्त दिसायची. सकाळी उन्हाला माना काढून बसलेली. आम्ही पोरं गेलो की डुबुक. पण सांगायचं कसं? खोली तुझी, हौद तुझा, कासव तुझं. दोन दिवस मी ते वाक्य तोंडात घोळवलं. शेवटी कढई घासताना बोललेच, "अक्का, त्याला वर यायला जागा न्हाई."

"काय?"

"त्याला दम लागायलाय. पाण्यातच ठेवलंय आपण त्याला. त्याला ऊन पायजे."

"तुला लय कळतंय."

"ओढ्यात बघितलंय मी."

तू कढई उचलून आत गेलीस. दुसऱ्या दिवशी इस्माईल चाचा जेवायला बसले तेव्हा त्यांच्या ताटात दुसरी भाकरी टाकत म्हणालीस, "चाचा, ह्या पोरीला एक टाकी बांधायचीय. कशी ते तिलाच इचारा." मला! जिला कुणी 'कुठं बसतेस' हेसुद्धा कधी विचारलं नव्हतं, तिला टाकी कशी पाहिजे ते विचारायचं! माझे हात साबणात तसेच राहिले.

मग सुरू झाली आपली भांडणं. मी म्हटलं, अर्ध्यात पाणी, अर्ध्यात कोरडी जागा, आणि मध्ये उतरण, जिच्यावरनं ते चढंल. चाचांनी जमिनीवर कोळशानं चौकोन काढला. "हौ, आधा पानी, आधा सूखा. उतार ऐसा." इथपर्यंत ठीक. पण उतरण कुठल्या अंगाला? तू म्हणालीस, कोपऱ्यात मैलाराचा कोनाडा हाय, देवळातल्या कासवाचं तोंड देवाकडं असतंय, म्हणून ह्याचंबी तोंड तिकडंच. मी म्हटलं, त्या कोपऱ्यात दिवसभर लिंबाची सावली.

"देवापुढं ऊन-सावली बघत्यात व्हय?"

"देव बघत नसंल, कासव बघतंय."

"तुमच्यात देव न्हाई, तुला काय कळणार."

"आमच्यात न्हाई म्हणूनच मला कासव दिसायलंय."

चाचा बिडी विझवून म्हणाले, "दोनों का हो गया तो बोलो. मैं नमाज पढके आतूं." ते येईपर्यंत तू उठली होतीस. कोनाड्यातला मैलार दोन्ही हातांनी उचललास आणि उन्हाच्या अंगाला, चुलीवरच्या फळीवर नेऊन ठेवलास. "घ्या. आता ऊनबी तिकडंच, देवबी तिकडंच." म्हणजे कोण जिंकलं? तू गल्लीभर सांगितलंस, कासवाचं तोंड देवाकडं केलं. मी ह्यांना सांगितलं, अक्कानं देवाला कासवाकडं केलं. हे भांडण मिटलेलं नाही अक्का. मी अजून माझ्याच म्हणण्यावर हाय.

फरशी बसली. तुला चकाचक पाहिजे म्हणून चाचांनी उतरणीची गुळगुळीत बाजू वर ठेवली. मग तू म्हणालीस, आज अमावस्या, आजच सोडू. चाचा म्हणाले, नव्या सिमेंटची कळ, तो चुन्याचा खार, पाण्यात उतरते, डोळे जळतील, थांबा. तू थांबणारी होय? टाकी होईस्तवर कासव परत घंगाळात ठेवलेलं; मी ते घंगाळ कासवासकट उचललं, माझ्या खोलीत नेलं आणि कडी लावली. बाहेरनं तू दार बडवायलीस. "कमळे, माझं कासव दे!" आतनं मी म्हणतेय, "न्हाई देत." म्हणताना मी दाराला पाठ लावून बसले होते. तुला नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. आणि तू काय केलंस? थोड्या वेळानं दाराच्या फटीतनं म्हणालीस, "बरं, त्याला खायला तरी काय घातलीस?"

टाकी भरायची, दोन दिवस ठेवायची, ओतायची. पाण्यावर पांढरी साय यायची. मी पितळेची भांडी चिंचेनं घासत होते. मला वाटलं, चिंच पितळेवरचं किटण काढते तर सिमेंटची कळ का काढणार नाही? चाचा हसले, "करके देखो, नुकसान क्या है." आपण दोघींनी भिजवलेली चिंच सगळ्या टाकीला चोळली. तुझ्या बोटांना भेगा होत्या, चिंच झोंबायची, आणि तू कानडीत शिव्या द्यायचीस, चिंचेला, मला, कासवाला, लॉरीवाल्याला. त्या शिव्यांतनंच मी कानडी शिकले.

मग सोडलं. आमेले पोहत उतरणीपाशी आलं, पुढचे दोन पाय टेकले, चढलं, आणि घसरून परत पाण्यात. पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. गुळगुळीत फरशी! खानावळीतली माणसं उठून बघायला आलेली, ती हसायला लागली. तू त्यांच्यावर पळी उगारलीस. चाचांनी कपाळाला हात लावला, आणि ती फरशी उपटून खडबडीत बाजू वर करून पुन्हा बसवली. पुन्हा चिंच, पुन्हा थांबणं. खाली पाणी सोडायला भोक, त्याला चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी. निघालेलं पाणी कढीपत्त्याला. कोरड्या भागाच्या अर्ध्यावर पत्र्याचा तुकडा, लय ऊन झालं तर आत जायला. तळाला ओढ्याची वाळू. आता मी झोपेतसुद्धा सांगीन.

आणि तो दिवस. जेवणाची वेळ, खानावळ भरलेली, आमेले हळूहळू चढत वर आलं. कोरड्या फरशीवर थांबलं. मान बाहेर काढली, एवढी लांब की आपण दोघींनी त्याची मान तेवढी कधी बघितली नव्हती. मागचे दोन पाय ताणून डोळे मिटले. तू आत जाऊन सगळ्यांना म्हणालीस, "गप जेवा रे. उन्हाला बसलंय." आणि ते लॉरीवाले, मोठ्या गळ्याचे, खरंच हळू बोलायला लागले.

तुला गांडुळांचं कधी सांगितलं नाही. म्हणजे तुला कळलं होतं. कासव देव हाय, त्याला फक्त भाजी-भाकरी, असा तुझा हुकूम. भाकरीनं पाणी नासायचं. मी तांदुळजा घालायची, दुधी घालायची आणि तुझी पाठ वळली की कढीपत्त्याखालचं गांडूळ. एकदा पकडलंस. "देव गांडूळ खातोय व्हय गं?"

"तुमच्या देवानं कासवाचा अवतार घेतला तवा त्याला भाकर कोण थापून देत व्हतं?"

तू हसू दाबत आत गेलीस. पुढं कधी तू स्वतःच म्हणायचीस, "कढीपत्त्याखाली ओल हाय बघ आज." एवढंच.

टाकीला रोज पाणी लागायचं आणि ते मी हौदातनं काढायची. माझी घागर, माझ्या हातानं, तुझ्या हौदात. बीरप्पा निर्ण्याहून जोंधळा घेऊन यायचा. एकदा त्यानं बघितलं. मला काही बोलला नाही, तुला म्हणाला, "काकी, गल्लीत बोलायलेत. पाण्याचं तेवढं बघा." मी घागर हातात धरून उभी. वाटलं, संपलं. खोली गेली, काम गेलं, परत चिंताकी. तू पीठ मळत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "ह्या कासवानं त्या हौदात महिनाभर हागलं-मुतलं, तवा कुणाला विटाळ झाला न्हाई. ह्या पोरीच्या घागरीनं व्हतोय? गल्लीला सांग, तहान लागली तर दुसरीकडं जावा." आणि मला, "उभी कामून? टाकी भर."

अक्का, मला वाटतं, त्या दिवशी मी हुमनाबादची झाले.

आता शेवटचं. तू आडवी पडलीस, अर्धं अंग गेलं, निर्ण्याहून सगळे आले. मी मागच्या दारातनं बघत होते. तुझे ओठ सुकले होते. तू हात हलवलास, मला कळलं पाणी मागायलीस. मी हौदातनं तांब्या भरून आणला, तुझ्या उशाशी वाकले, आणि बीरप्पाच्या बायकोनं तांब्या माझ्या हातातनं काढून घेतला. रागानं नाही, अगदी हळू. "राहू दे, आमी हाव." तांब्या बाहेर ओतला. दुसरं पाणी आणलं. ते येईपर्यंत तू माझ्याकडं बघत होतीस. दुसरं पाणी तुझ्या तोंडात घातलं ते गालावरनं खाली आलं. तू गिळलं नाहीस. लोक म्हणतात, तेव्हा जीव गेलाच होता. मी म्हणते, तू तोंड मिटलं होतंस. हे माझं म्हणणं, आणि मला कुणी खोटं ठरवू नये.

तुला निर्ण्याला नेणाऱ्या गाडीत मला जागा नव्हती. गाडी गेली आणि मी टाकीचं पाणी बदललं. दुसरं काय करायचं ते कळेना.

आमच्यात आत्मा-बित्मा मानत नाहीत. लहानपणापासनं विहारात ऐकलंय. मग मी बोलायलेय कुणाशी? माहीत नाही. पण खुंटी काढून पाणी सोडताना तोंडातनं शब्द निघतात आणि ते तुझ्याच नावानं निघतात. माझ्या धम्माला ह्यात काही अडचण असेल तर असू दे.

परवा बीरप्पा आला. संगं दोन माणसं आणि ओलं पोतं. तो वाईट माणूस नाही, तुझ्या चुलीपुढं बसून रडला आधी. मग म्हणाला, "काकीच्या नावानं कासव गावच्या विहिरीत सोडतो. पुण्य लागंल तिला. पाणीबी निर्मळ राहतंय."

मी टाकीच्या काठावर बसले. एक हात पाण्यावर ठेवला. म्हटलं, "विहिरीला काठ उभा हाय. त्याला वर यायला जागा न्हाई. मरंल."

"विहिरीतच असतंय की कासव. देवाचं हाय ते."

"अक्काचं हाय."

"काकी गेली. तू कोण?"

"मी ह्याचं पाणी बदलते."

त्यानं पोतं उचललं. मग मला काय झालं कुणास ठाऊक. आयुष्यभर गिळलेलं वर आलं. "बीरप्पाअण्णा, तुमच्या विहिरीत माझी घागर बुडवू देताव का? न्हाई ना? मग माझ्या हातचं गांडूळ खाल्लेलं, माझ्या हातच्या पाण्यात वाढलेलं कासव कसं चालतंय? त्याला आधी इचारा, त्याची जात कुठली झाली."

संगं आलेल्या माणसांतला एकजण हसला आणि त्यानं हसू खोकल्यात घालवलं. बीरप्पाचं तोंड लाल झालं. "खोली सोडावी लागंल मग."

"सोडते. कासव घेऊन सोडते."

पोतं तसंच ओलं परत गेलं, अक्का. रिकामं.

ह्यांनी कारखान्याकडं एक खोली बघितलीय. समोर उघडी जागा हाय, सकाळचं ऊन थेट येतं. चाचा म्हणाले, फरशीचे तुकडे परत मिळतील. ही टाकी फोडली तर फोडू दे, दुसरी मी माझ्या हातानं बसवीन, खडबडीत बाजू वर करून. देव आणायला मात्र जागा नाही तिथं. तेवढं तुझं राहिलं.

बीरप्पाच्या बायकोनं निरोप धाडलाय, निर्ण्याला येऊ नको, लोक नावं ठेवतील. मी येणार. आता लगेच नाही, अजून धीर गोळा करायलेय. पण एक दिवस तुझ्याच हौदातनं घागर भरून बसमध्ये बसणार. निर्ण्याला उतरून ती डोक्यावर घेणार, आणि मागल्या वाटेनं नाही, गावातल्या मोठ्या रस्त्यानं, देवळापुढनं, भर दुपारी चालत बांधापर्यंत येणार. तुझ्या मातीवर ती रिती करणार. एक घोट पाणी मला तुला द्यायचं राहिलंय. ते मी फेडणार अक्का. आडवं कोण येतंय ते बघतेच मी.